गोडं पाणी, खारं पाणी आणि गॅरेजचं दार

सिॲटलच्या आसपास राहणाऱ्याला मासेमारीचा नाद लागला की त्याच्यासमोर दोन तऱ्हेचं पाणी येतं, आणि दोन्ही हाकेच्या अंतरावर. एका बाजूला लेक वॉशिंग्टन, तिथे कटथ्रोट ट्राउट, बास आणि पर्च. थोडं उत्तरेला गेलं की लेक स्टीव्हन्स, तिथली कोकनी म्हणजे समुद्राचं तोंडही न पाहिलेला सॉकाय सॅमन. दुसऱ्या बाजूला प्युजेट साउंड: चिनूक, कोहो, लिंगकॉड आणि डंजनेस खेकडे. परवानासुद्धा असा मिळतो की एकाच कागदावर गोडं पाणी, खारं पाणी आणि शिंपल्या-खेकडे तिन्ही बसतात. १ एप्रिल ते ३१ मार्च चालतो. कागद एक पुरतो, मग बोटी दोन कशाला, असा माझा साधा हिशेब होता.

बाजारात या हिशेबाला कोणी विरोध करत नाही. उलट प्रत्येक विक्रेता आपली बोट ‘दोन्हीकडे चालते’ असंच सांगतो, आणि ते खोटंही नसतं. वारा पडलेला असेल तर साउंडमध्ये बारा फुटी होडीसुद्धा चालते. प्रश्न असतो तो वारा उठल्यावरचा. म्हणून ‘चालते का’ हे विचारणं मी सोडून दिलं आणि ‘कधी चालत नाही’ हे विचारायला लागलो. या प्रश्नावर भल्याभल्या विक्रेत्यांची बोलती मंदावते.

पहिलं काम म्हणजे समुद्र म्हणजे नेमका कुठला, हे ठरवणं. इथे त्याचे तीन प्रकार पडतात. प्युजेट साउंड हा जमिनीत आत घुसलेला समुद्र. भरती-ओहोटीत दहा-बारा फुटांचा फरक, प्रवाह जोरदार, पण पॅसिफिकची लांब लाट आत पोचत नाही. त्याच्या पुढे हुआन द फूकाची सामुद्रधुनी आणि तिच्या टोकाला नीआ बे, हॅलिबट हा मोठा चपटा मासा धरणाऱ्यांची पंढरी. तिसरा खुद्द पॅसिफिक. त्यात वेस्टपोर्ट किंवा इल्वाकोहून जायचं तर आधी मुखावरचा वाळूचा बांध ओलांडावा लागतो. इथे त्याला बार म्हणतात. कोलंबिया नदीच्या मुखाचा परिसर ‘पॅसिफिकची दफनभूमी’ म्हणून ओळखला जातो. नदीचा लोंढा आणि ओहोटी एकत्र बाहेर निघतात, समोरून समुद्राची लाट येते आणि उथळ वाळूवर ती भिंतीसारखी उभी राहते. तटरक्षक दलाची लाइफबोट चालवण्याची शाळा मुद्दाम तिथे, केप डिसअपॉइंटमेंटला आहे. लाट वाढली की हेच दल छोट्या बोटींना बार सरळ बंद करतं.

मालवणकडच्या माणसाला खाडीच्या तोंडाशी होडी कशी उलटते हे वेगळं सांगावं लागत नाही. बार ओलांडायचा तो चार्टर बोटीचं तिकीट काढून, ज्याचं पोट त्यावर आहे अशा कप्तानाच्या भरवशावर, हे मी तिथेच ठरवून टाकलं. अधूनमधून तेवढे पैसे टाकले की पंचवीस फुटी बोट, तिचा ट्रेलर आणि तो ओढणारा पिकअप ट्रक हे सगळंच वाचतं. माझ्या बोटीचा समुद्र म्हणजे साउंड नेहमीचा, आणि सामुद्रधुनी चांगला दिवस बघून. हे एकदा पक्कं केल्यावर निम्मा बाजार आपोआप गळाला.

उरलेल्यातला निम्मा जमिनीने गाळला. मालवणला मामाची फायबरची होडी आहे. त्याला मी मोठ्या उत्साहाने फोटो पाठवत होतो. त्याने फोनवर एकच विचारलं, “होडी पाण्यात कशी चलता ता मगे बघ. आधी ती वर ओढतलो कोण, ता सांग.”

ओढणारी आमची एसयूव्ही. तिची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे साधारण २,२५० किलो. आकडा ऐसपैस वाटतो, पण जाहिरातीत बोटीचं वजन छापतात ते नुसत्या सांगाड्याचं. मी वहीत मांडत गेलो. अठरा फुटी ॲल्युमिनियमची बोट सुमारे १,७०० पौंड. ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन ४००. छोटं इंजिन १००. चाळीस गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंड धरून २४०. बॅटऱ्या, नांगर, दोर, बर्फाची पेटी, खेकड्यांचे सापळे मिळून ३००. ट्रेलर ९००. बेरीज ३,६०० च्या वर गेली, आणि गाडीत आम्ही तिघं आणि आमचं सामान वेगळंच. बावीस फुटी, पक्क्या छपराच्या बोटीची हीच बेरीज गाडीच्या मर्यादेला जाऊन टेकत होती. त्यात लेक शलॅनला जायचं तर कॅस्केड्सचा घाट चढून उतरायचा. नाकापेक्षा मोती जड.

मग गॅरेज. आमच्या वसाहतीत घरासमोर बोट उभी ठेवायला मनाई आहे. भाड्याच्या जागेत ठेवली की ती पाण्यात जाणं कमी होतं, असं बोटवाले एकमुखाने सांगतात आणि ते मला पटतं. कामावरून आल्यावर तासभर तळ्यावर जायचं तर बोट घरात हवी. टेप लावून मोजलं: दाराची उंची सात फूट, आतली खोली बावीस फुटांहून जरा जास्त. ट्रेलरवर बसलेली पक्क्या छपराची बोट सात फुटांच्या दारातून जात नाही, म्हणजे छप्पर कापडी आणि दुमडणारं हवं. लांबीत मागचं इंजिन आणि पुढची ट्रेलरची दांडी दोन्ही मोजायची. दांडी बिजागरीवर बाजूला वळणारी असली तर दोनेक फूट सुटतात. बायकोने विचारलं, “आणि माझी गाडी?” ती आता बाहेर असते.

थोडक्यात, समुद्र म्हणत होता याच्या खाली येऊ नकोस आणि जमीन म्हणत होती याच्या वर जाऊ नकोस. मधली फट अठरा-एकोणीस फुटांची. गोड्या पाण्याचं अजून काही म्हणणंच नव्हतं. त्याची एक अट होती, ती पुढे आली.

या फटीचा एक फायदा मला आधी ठाऊक नव्हता. अमेरिकेच्या नियमानुसार वीस फुटांपेक्षा लहान आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून इंजिन लावलेल्या, बोटीत तरंगणारा फोम असा भरावा लागतो की बोट पाण्याने भरली तरी सपाट तरंगत राहावी. मोठ्या बोटींवर ही सक्ती नाही. शिवाय वीस फुटांखालच्या बोटीवर क्षमतेची पाटी असते: माणसं किती, वजन किती, इंजिन केवढं. अर्थात पाटीवरचा आकडा चांगल्या हवेचा. आमच्या बोटीच्या पाटीवर सहा माणसं आहेत. साउंडमध्ये मी चौथा माणूस घेत नाही, मग तो कितीही जवळचा असो.

आता बोटीचा आकार. तळ जितका खोल V, तितका तो लाट कापतो. जितका सपाट, तितकी बोट उभी असताना स्थिर. मागच्या फळीपाशी मोजलेल्या या कोनाला डेडराइज म्हणतात. तळ्यानदीतल्या सपाट बोटी एका टोकाला, खोल समुद्रातल्या वीस अंशांच्या पुढे. मला पंधरा ते अठराच्या दरम्यानचं काहीतरी हवं होतं. पण नुसत्या कोनावर जाऊ नये. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, किती उंच आणि धारदार आहे ते बघावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत उभं राहून कठडा कुठे लागतो ते बघावं. मांडीच्या मध्यावर लागला तर तो माणसाला अडवतो, गुडघ्यावर लागला तर पाण्यात लोटतो. तळ्यासाठी बनवलेल्या बोटींत तो बहुतेक गुडघ्यालाच लागतो. याच एका कारणावरून मी कितीतरी चकचकीत बोटींना नमस्कार केला.

फायबर की ॲल्युमिनियम, या वादात इथे लोक मित्र गमावतात. फायबर जड असतं, लाटेवर मऊ बसतं आणि गंजत नाही. ॲल्युमिनियम हलकं, ओढायला सोपं, गोट्यांच्या किनाऱ्यावर घासलं तरी तक्रार करत नाही. पण लाटेवर आपटतं आणि वाऱ्याने भरकटतं. माझ्या गाडीमुळे पारडं ॲल्युमिनियमकडे झुकलं. त्यातही रिव्हेट मारलेली नको. तळ्यात ती वर्षानुवर्षं टिकते, पण समुद्रात आपटत राहिली की रिव्हेट सैल होऊन पाणी झिरपायला लागतं. वेल्ड केलेली, ५०५२ किंवा ५०८६ जातीच्या जाड पत्र्याची हवी.

आणि एक बारकी वस्तू, जिच्यावर दोन पाण्यांचा सगळा संसार उभा आहे: ॲनोड. इंजिनाला आणि बोटीच्या बुडाला धातूचा एक तुकडा बसवलेला असतो, तो स्वतः झिजतो आणि बाकीच्या धातूला वाचवतो. खाऱ्या पाण्यात जस्ताचा चालतो, पण गोड्या पाण्यात त्याच्यावर पापुद्रा धरतो आणि तो निकामी होतो. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा उत्तम, पण तो समुद्रात नेला की बघता बघता विरघळतो. दोन्हीकडे चालणारा तो ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमच्या बोटीला ॲल्युमिनियमनेच वाचवायचं हे ऐकून हसू येतं, पण हा मिश्रधातू वेगळा; त्यात जस्त आणि किंचित इंडियम असतं. नवी बोट घेणाऱ्यानेही कुठले ॲनोड बसवलेत हे विचारून घ्यावं.

नवी बोट मी घेणारच नव्हतो. ॲनाकोर्टिसजवळ एक जुनी मिळत होती आणि तिच्यासाठी मी पैशांची तयारी करूनच गेलो होतो. वरून देखणी. मी टॉर्च घेऊन ट्रेलरखाली पाठीवर झोपलो. बोट ज्या दोन लांब लाकडी फळ्यांवर टेकते त्यांना बंक म्हणतात. त्यांच्यावर गालिचा ठोकलेला असतो. त्या गालिच्याच्या कडेने पत्र्यावर पांढरी पूड जमली होती. नखाने खरवडली, तर खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे, एका ओळीत, फळीच्या लांबीभर. लाकूड कुजू नये म्हणून त्याला तांब्याची द्रव्यं पाजलेली असतात. गालिचा समुद्राचं पाणी धरून ठेवतो. तांबं, मीठ आणि ॲल्युमिनियम महिनोन्महिने असे एकमेकांना चिकटून बसले की पत्रा खाल्ला जातो. बोट पाण्यात असताना नव्हे, घरी निवांत उभी असताना. मालक भला माणूस. तोही शेजारी गुडघ्यांवर बसून वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की किंमत कमी करतो. मी आभार मानून निघालो.

मग, ॲल्युमिनियमचं ठरलेलं असूनही, फायबरच्या एका छोट्या केबिनच्या बोटीने मन ओढलं. फायबरच्या जुन्या बोटीत बघायची ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली दाबला तर फळी हलता कामा नये. ही किंचित हलत होती. जुन्या बोटींत फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो. ठणठण आवाज मध्येच बद्द झाला.

शेवटी जी घेतली ती वेल्ड केलेली, अठरा फुटांहून जराशी मोठी, आणि तिचं आजवरचं आयुष्य मुख्यतः लेक रूझवेल्टवर, गोड्या पाण्यात गेलेलं. समुद्रासाठी जुनी बोट घ्यायची तर तळ्यातून आलेली बघावी, हे माझं मत झालं आहे. मेकॅनिकने इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासलं, इंजिनाच्या संगणकातून ते किती तास आणि कुठल्या वेगाला चाललं आहे तेही काढलं. ते ठीक निघालं. पण पैसे देण्याआधी पाण्यात चालवून बघायची अट होती, आणि दिवस मी मुद्दाम वाऱ्याचा मागितला. मालक जरा चमकला, पण आला.

एव्हरेटहून निघून पॉइंट नो पॉइंटच्या समोर गेलो. उन्हाळ्यात दुपारी तिथे उत्तरेचा वारा लागतो, आणि ओहोटीचं पाणी उत्तरेकडेच बाहेर पडत असतं. दोघं समोरासमोर भिडले की लाट उंचीला बुटकी पण उभी आणि दाट होते. त्या दिवशी दोन-अडीच फुटांची होती. ताशी वीस मैलांनी लाटेवर घातली तर बोट अशी आपटली की पत्र्याचा आवाज दातांत जाणवला. वेग बारा मैलांवर आणून इंजिनाचा कोन आत घेतला, नाळ खाली बसली, आणि मग ती लाट कापायला लागली. तोंडावर पाणी आलं, पण काचेवरच. वळून लाट पाठीवर घेतली. नाळ पुढच्या लाटेत खुपसली तर बोट आडवी फिरते, ते इथे बघायचं असतं. फिरली नाही. मग इंजिन बंद केलं आणि आडवी पडू दिली. मालक आणि मी दोघं एकाच कडेला जाऊन उभे राहिलो, जसे मासा लागल्यावर सगळे धावतात. कठड्याची कड पाण्यापासून दोन वीत वर राहिली. मागून एक लाट आत आली. या बोटीचा डेक पाणी आपोआप बाहेर टाकणारा नाही. ते खाली बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, उतरतं आणि पंप फेकतो. ही तडजोड होती आणि ती मी डोळे उघडे ठेवून स्वीकारली. वेगळ्या बॅटरीवरचा दुसरा पंप मात्र बोट घरी आल्या आल्या बसवला.

आता गोड्या पाण्याची ती अट: हळू चालता आलं पाहिजे. कोकनीसाठी गळ ओढायचा वेग ताशी सव्वा ते दीड मैल. ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन गिअरमध्ये टाकून नुसतं सोडलं तरी बोट अडीचच्या आसपास पळते, आणि कोकनी ढुंकूनही बघत नाही. म्हणून मागे ९.९ हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन, इथल्या भाषेत किकर. तळ्यात तेच मुख्य, आणि समुद्रात मोठं बंद पडलं तर घरी आणणारं. पण तो आधार खरा हवा असेल तर त्याची पेट्रोलची टाकी वेगळी पाहिजे. टाकीत पाणी शिरणं हे इंजिन बंद पडण्याचं नेहमीचं कारण, आणि दोन्ही इंजिनं एकाच टाकीवर असली की दोन्ही बसतात. आधीच्या मालकाने एकाच टाकीतून दोन नळ्या काढल्या होत्या. तळ्यात त्याला कधी फरक पडला नसेल.

कागदपत्रांचं फारसं सांगण्यासारखं नाही. १९५५ सालच्या पहिल्या दिवसानंतर जन्मलेल्याला १५ हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठं इंजिन चालवायला बोटर कार्ड लागतं, ते घरबसल्या परीक्षा देऊन मिळतं. एकोणीस फुटांखालच्या बोटीत बारा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांनी बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालूनच बसायचं. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने पहिल्याच दिवशी मला विचारलं की बाबा, तू का नाही घातलंस. आता मीही घालतो. खाऱ्या पाण्यासाठी संकटाची खूण करायची साधनं लागतात, बहुतेक जण धुराच्या-उजेडाच्या फ्लेअर ठेवतात. आणि तळाचे मासे धरायचे तर डिसेंडिंग डिव्हाइस बोटीवर असावंच लागतं: खोलातून वर ओढलेल्या रॉकफिशचं पोट हवेने फुगतं, तो सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, म्हणून वजन लावून त्याला परत खोलात पोचवायचं.

गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मधलं खरोखरचं दार सिॲटलमध्येच आहे, बॅलर्डला. १९१७ मध्ये औपचारिक उद्घाटन झालेले हे लॉक्स, म्हणजे पाणी वर-खाली करून बोटी पलीकडे सोडणारे दारांचे हौद, लेक वॉशिंग्टनचं पाणी समुद्राच्या ओहोटीच्या पातळीपेक्षा वीस ते बावीस फूट उंच धरून ठेवतात. केनमोरला बोट उतरवायची, तळं पार करायचं, सात नॉटची मर्यादा पाळत कालव्यातून जायचं आणि लॉकच्या दारात रांग लावायची. पन्नास फुटी दोन दोर हवेत, टोकाला मोठा फास असलेले. भिंतीवरचा कर्मचारी फास घेऊन खुंटीला अडकवतो, मागचं दार बंद होतं, आणि आपण दोर सोडत सोडत खाली उतरत जातो. पैसे लागत नाहीत. शेजारीच २१ पायऱ्यांची माशांची शिडी आहे. आपण समुद्राकडे निघालेले असताना सॅमन उलट तळ्याकडे चढत असतात. मुलीला हे फार आवडतं. मला सकाळी पाचला खेकड्यांचे सापळे टाकायचे असतील तर मात्र मी ट्रेलर घेऊन सरळ साउंडच्या काठावर, शिलशोलच्या रॅम्पवर जातो. रांगेत वेळ फार मोडतो.

दोन पाण्यांत बोट ठेवायची तर खरी मेहनत घरी आल्यावर असते, हे कुणी जाहिरातीत लिहीत नाही. खाऱ्या पाण्यातून आलं की इंजिनातून गोडं पाणी फिरवायचं, ट्रेलरचे ब्रेक आणि बंक धुवायचे, बिल्ज उपसायचा. बिल्जमध्ये शिशाचं वजन किंवा तांब्याचं नाणं पडलेलं राहता कामा नये, तेही पत्र्याला भोक पाडू शकतं. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना वेगळीच काळजी. २०२३ मध्ये आयडाहोत ट्विन फॉल्सपाशी स्नेक नदीत क्वागा शिंपल्या सापडल्या, आणि त्या कोलंबियाच्या खोऱ्यात सगळीकडे पसरल्या तर धरणांच्या नळ्याही बुजतील. वाटेत तपासणी नाकं उघडं असेल तर बोट ओढणाऱ्याने थांबायलाच लागतं. तपासणारी बाई बोटीच्या बुडावरून तळहात फिरवते. डोळ्यांना न दिसणारी शिंपल्यांची पिल्लं चिकटलेली असली तर पत्रा सँडपेपरसारखा खरखरीत लागतो म्हणे. ड्रेनचं बूच काढून दाखवायचं. थेंबही उरू नये.

बंक मात्र आमच्याही ट्रेलरला अजून लाकडीच आहेत. पत्रा स्वच्छ आहे, पण आता तो खाऱ्या पाण्यात जातो. त्यामुळे येत्या हिवाळ्यात बोट जॅकवर उचलून त्या फळ्या काढायच्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवायच्या, असं ठरलं आहे. बायकोचं म्हणणं, बोट जॅकवर असेपर्यंत ट्रेलर बाहेर ठेव आणि तेवढ्या जागेत तिची गाडी आत येऊ दे. मोजून बघितलं; येत नाही.